पणच्या पुढचं

माझं काम कापायचं.
रात्रपाळी, एडिट बे क्रमांक तीन,
एसी इतका गार की मे महिन्यातही मफलर.

त्या रात्री बातमी आली ती तीन ओळींची:
डावीकडून हिरवा उजेड, सेकंदभर.
टॉवरला कळवलं.
विमान उतरलं.

तिसरी ओळ शिरगुरकरांना आवडली नाही.
"उतरलं ते शेवटी सांगायचं," म्हणाले,
"आणि शेवटी म्हणजे ब्रेकनंतर."

बेलोसेनं ग्राफिक काढलं.
आधी दोऱ्याएवढा किरण. दिसत नाही, म्हणाले.
मग दोरखंडाएवढा.
मग तानसाच्या पाइपाएवढा जाड, जरीमरीच्या एका पत्र्यातून निघून
थेट विमानाच्या पोटात घुसलेला.
विमान तिरकं मात्र बेलोसेनं आपणहून केलं,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली पट्टी: १८६ जीव टांगणीला.
त्या वेळी ते १८६ जण
पट्ट्याजवळ उभे राहून आपापली बॅग शोधत होते.

मग फोनवर कॅप्टन दोरडी.
निवृत्त, पारशी कॉलनी, आवाज खर्जातला.
"रात्री उतरताना डोळ्यांवर झोत आला की दिपतं.
धोका आहेच. पोरांनी हे करू नये.
पण..."

इथे मी कापलं.

पडद्यावर 'पण' म्हणजे
आवाजाच्या रेघेवरचा एवढासा फुगवटा,
डास चावल्यासारखा.
त्याच्या अलीकडे कर्सर नेला, एक बटण.
"धोका आहेच" तेवढं राहिलं,
सकाळपर्यंत चाळीस वेळा वाजलं.
माझ्या पदरचा एकही शब्द नव्हता त्यात.

पोरगा सापडला. निहाल घाडीगावकर, नववी ब.
लेझर कुर्ला स्टेशनबाहेरचा, एकशेवीस रुपये, सेलसकट.
पत्र्यावरच्या मांजरीला त्या ठिपक्यामागे पळवायचा.
तिथे विमानं इतकी खालून जातात
की चाकं मोजता येतात.
एकदा हात वर गेला, एवढंच, म्हणाला.
एवढंच आम्ही घेतलं नाही.

मग वही सापडली.
'संशयित मुलाच्या वहीत विमानांच्या वेळा!'
होत्याच वेळा. कुठलं उशिरा आलं,
कुठल्याचा आवाज फाटका, सगळं पेन्सिलीनं.
पुढच्या पानावर मांजरीला पिल्लं किती झाली
आणि त्यातलं कुठलं कुणाला द्यायचं, ते.
कॅमेऱ्यानं दोन्ही पानं टिपली होती.
मी एकच घेतलं.

आठवडाभर शहरात जे जे हिरवं चमकलं ते आमच्याकडे आलं.
कलिन्याच्या गच्चीवरची दिव्यांची माळ.
मेडिकलचा चौकोनी क्रॉस.
घाटकोपरच्या एका भूगोलाच्या मास्तरांनी
नकाशावर नद्या दाखवायचा लेझर
स्वतःच चौकीत नेऊन दिला, पावती मागितली.
निहालला दोन दिवसांनी सोडलं.
तोवर आम्ही एका बिबट्याकडे वळलो होतो.

कॅप्टनचा फोन आला होता ऑफिसात.
रागावले नाहीत. एवढंच विचारलं,
"माझं वाक्य पुरं नव्हतं का आलं तुमच्याकडे?"
लाइन खराब होती, असं सांगितलं कुणीतरी.
कुणीतरी म्हणजे मीच.

दर शुक्रवारी डिस्क रिकामी करावी लागते.
पूर जातो, लग्नं जातात, मंत्री जातात.
ही अकरा सेकंदं मी
या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवत राहतो.
कधी पहाटे, बुलेटिन संपलं की, हेडफोन लावून ऐकतो.

"पण विमान त्यानं पडत नाही हो.
इतक्या वर ठिपका ठिपका राहत नाही, पसरतो.
आम्ही दोघं असतो, एकानं मान वळवायची.
मला सात वेळा लागला.
सातही वेळा घरी येऊन कुत्र्याला फिरवलंय."

मग मागे खरंच एक कुत्रा भुंकतो,
आणि ते फोन तसाच धरून त्याला म्हणतात,
"आलो रे, आलो."